चार तारा म्हणजे सोपं, असं कोणी सांगितलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांना कोणतं वाद्य शिकवावं यावर लेख आला होता, चांगला होता, तबला पेटी कीबोर्ड गिटार सगळ्यांना जागा दिलीत, आणि बेस गिटारला मात्र शेवटी एकच वाक्य, की तिला चारच तारा असल्यामुळे ती शिकायला सोपी. बस, संपला बेस. माझा चहा तसाच राहिला. वर त्याच दुपारी बहिणीचा फोन, दादा पेपरात आलंय बघ सोपं असतं म्हणून, हिला (माझी भाची, आठवीत आहे) बेस घेऊन टाकूया का, ऑनलाइन एक निळा छान दिसतोय. म्हणून हे पत्र. लांबलंय, जागेअभावी कापावं लागलं तर माझी बडबड कापा पण मिलिमीटरचे आकडे तेवढे ठेवा.

मी राहायला चिंचवडला, दिवसा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर आणि गेली एकवीस वर्षं रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्न, हळदी, गणपती, सोसायटीची कोजागिरी, सगळं. बेसवाला म्हणजे स्टेजवर ड्रमरच्या शेजारी मागे उभा असतो तो, लग्नाच्या व्हिडिओत ज्याचा अर्धा हात येतो. वाजत असताना कोणाला ऐकू येत नाही, थांबला की मात्र सगळे मागे वळून बघतात की गाणं एकदम पोकळ का झालं.

पहिला बेस घेतला तेव्हा मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. दुकानाचं नाव नको, त्याने काय साध्य होणार. खोक्यातून काढला, पुसला, पट्टा लावून हातात दिला. तारा बाराव्या फ्रेटवर (नेक म्हणजे बेसचा लांब दांडा, त्यावरची धातूची आडवी पट्टी म्हणजे फ्रेट) लाकडापासून जवळजवळ पाच मिमी वर होत्या हे मला आज कळतं, तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की पंधरा मिनिटांत डाव्या हाताचं मनगट भरून येतंय आणि करंगळीने तार दाबलीच जात नाही. परत दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, सुरुवातीला दुखतंच, बोटं घट्ट झाली की होईल सवय. मी सवय होण्याची वाट बघत आठ महिने काढले, मग बेस माळ्यावर गेला, गणपतीच्या मखराशेजारी.

तो खाली आला आमच्या ग्रुपमधल्या एका वयस्कर गोवेकर अंकलमुळे. ते कीबोर्ड वाजवायचे पण तरुणपणी बेसही वाजवलेला. त्यांनी तो हातात घेतला, एक डोळा मिटून नेकवरून नजर टाकली, सुतार फळी बघतो ना तशी, आणि म्हणाले, अरे हा बेस नाय रे, हे धनुष्य. खिशातून ॲलन की काढली, नेकच्या टोकाला पाव फेरा दिला, चहा प्यायले, परत पाव फेरा दिला, मग ब्रिजवरचे, म्हणजे तारा खालच्या टोकाला बसतात त्या पट्टीवरचे, चार छोटे स्क्रू खाली घेतले. अर्धा पाऊण तास लागला असेल. तोच बेस, त्याच तारा, तीच माझी बोटं, आणि करंगळी चालायला लागली!

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दिवसभर माझ्या खिशात फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) असतो, सहा इंची स्टील पट्टी असते, मशीनची गॅप मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, आणि आठ महिने मी स्वतःच्या वाद्याला माप लावलं नाही, बोटांना शिव्या देत बसलो.

आता बघा, आपल्याकडे मिरजेहून तंबोरा आणला की कोणी तसाच वाजवायला घेतो का? जवारी लागलेली आहे की नाही ते आधी ऐकतो, नसेल लागली तर कारागिराकडे नेतो, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. बेसचं काय वेगळंय? सेटअप, म्हणजे नेक आणि तारा मापात बसवणं, ही बेसची जवारीच समजा. पण पंधरा वीस हजारांचा बेस खोक्यातून काढून पोराच्या गळ्यात घालतात, आणि पोरगं वर्षभरात कंटाळलं की म्हणतात त्याला आवड नव्हती.

निवड कशी करायची ते आधी सांगतो. सगळ्यात आधी लांबी. रंग, कंपनी, लाकूड हे सगळं नंतर. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने प्रिसिजन बेस काढला, फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन, त्याच्या तारेची लांबी ३४ इंच ठेवली आणि जगाने तेच माप धरलं. उभ्या डबल बेसच्या (व्हायोलिनसारखं पण माणसाएवढं वाद्य) मानाने ते लहानच होतं, मोठ्या माणसाला जमेल असं. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या हाताला जमेल असं काही कोणी तेव्हा मोजलं नव्हतं. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत साधारण १३० मिमी अंतर येतं, ३० इंचीवर तेच ११४ च्या आसपास. सोळा मिमीचा फरक, म्हणजे जवळजवळ एका बोटाची रुंदी, आणि दर सुराला चार बोटं ताणायची असतात तेव्हा ते एक बोट फार मोठं असतं हो. आणि ३० इंची म्हणजे लहान मुलांचं खेळणं असं कोणी दुकानात म्हणालं तर त्याला सांगा, बीटल्सचा पॉल मॅकार्टनी ज्या व्हायोलिनच्या आकाराच्या हॉफनरमुळे ओळखला जातो तो शॉर्ट स्केलच, म्हणजे आखूड तारेचाच आहे, पहिला त्याने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतला.

तोटा नाही असं नाही. तार आखूड झाली की त्याच सुराला ताण कमी लागतो, त्यामुळे सगळ्यात जाड ई तार जरा लोंबल्यासारखी वाटते आणि जोरात छेडली तर फ्रेटवर आपटते, त्याला थोड्या जाड तारा लावायच्या. त्या तारासुद्धा शॉर्ट स्केलच्याच मागायच्या.

दुसरं म्हणजे नेकची रुंदी. नटजवळ, म्हणजे वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात तिथे, जॅझ बेस (फेंडरचाच दुसरा नमुना) ३८ मिमी असतो, प्रिसिजन साधारण ४१, जुने काही ४४ सुद्धा. ऐकायला तीन मिमी काहीच नाही पण हातात घेतल्यावर एक नेक झाडूच्या दांड्यासारखा वाटतो आणि एक क्रिकेटच्या बॅटसारखा. कोणता चांगला हे मी सांगू शकत नाही, माझा हात जाड आहे मला ४१ बरा वाटतो, आमच्या ड्रमरच्या मुलाला जॅझच लागतो.

तिसरं वजन आणि तोल, आणि इथेच ऑनलाइनवाले फसतात. बरेच बेस चार किलोच्या आगेमागे असतात, तीन तास उभं राहून वाजवायचं असेल तर खांद्याला विचारून घ्या. घरचा वजनकाटा घ्या, एकदा नुसते उभे राहा एकदा बेस घेऊन, वजाबाकी करा. पण वजनापेक्षा वाईट म्हणजे तोल नसणं. पट्टा लावून उभं राहायचं आणि दोन्ही हात सोडायचे. नेक जर हळूहळू जमिनीकडे जायला लागला तर तो बेस घेऊ नका, कितीही आवाज चांगला असू दे, कारण डावा हात जन्मभर सूर दाबायच्या ऐवजी नेक उचलून धरण्यात जाईल. घेऊन झाला असेल तर रुंद खरखरीत चामड्याचा पट्टा लावा, थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

आणि दुकानात ॲम्पला लावायच्या आधी कोरडा वाजवा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, एकेक करून, दुकानदार तोंड वाकडं करेल करू दे. कुठे खरखर येते, कुठे सूर टिकत नाही ते ऐका. सगळ्यात बारीक ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच मरतो असं बऱ्याच चांगल्या बेसमध्येही होतं, तो थोडा असेल तर चालतं, धपकन मेला तर दुसरा नग बघा. बरगडीजवळ बेसचं लाकूड थरथरताना जाणवलं पाहिजे, ही माझी आपली एक आवड, शास्त्र नाही. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई, पुढे सांगतो) फिरतो का ते मात्र विचाराच, सेकंडहँड असेल तर डोळ्यासमोर फिरवून दाखवायला लावा, कारण तो जाम असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

आता सेटअप. नेकच्या आत एक लोखंडी सळई असते तिला ट्रस रॉड म्हणतात. चार तारांचा मिळून ताण सत्तर ऐंशी किलोच्या घरात जातो, म्हणजे एक माणूस कायमचा नेकला लटकलाय असं समजा, आणि त्या माणसाला उलटं ओढून धरायचं काम ही सळई करते. क्रम महत्त्वाचा आहे, लोक क्रम चुकवतात. आधी नवीन तारा लावून सुरात मिळवायचं, ज्या तारा रोज वाजवणार त्याच. मग नेकचा बाक. पहिला फ्रेट दाबून धरा, त्याच तारेचा शेवटचा फ्रेट दुसऱ्या हाताने दाबा, आता तार म्हणजे सरळ पट्टी झाली, मध्ये सातव्या आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मध्ये किती फट राहते ते बघा. मी ०.३ मिमीची पाती घालतो, ती हलकी घासत जाईल एवढी फट ठेवतो. फट जास्त म्हणजे नेक धनुष्य, रॉड घड्याळाच्या दिशेने आवळा. फट अजिबात नाही आणि पहिल्या तीन चार फ्रेटवरच खरखर, तर सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, दर वेळी परत सुरात मिळवायचं, थोडं थांबायचं, आणि जोर लागायला लागला तर सोडून द्यायचं आणि जाणत्याकडे न्यायचं. इथे फिटरगिरी दाखवू नये. मी एक रॉड तोडलाय, माझाच, सांगून ठेवतो.

बाक बसला की मग तारांची उंची, हिला ॲक्शन म्हणतात. सतराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत, जाड ई तार २.४ मिमी आणि बारीक जी तार २ मिमी, फेंडरवाले स्वतः साधारण हेच माप देतात, त्यातून मग आपल्या हाताप्रमाणे कमीजास्त. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी. ॲक्शन ब्रिजवरच्या स्क्रूने बदलायची, ट्रस रॉडने नाही! तारा वर आहेत म्हणून रॉड आवळणारे मी इतके बघितलेत, मग मधल्या फ्रेटवर बरं वाटतं आणि वर पहिल्या फ्रेटवर काचेच्या बरणीत खिळे टाकल्यासारखा आवाज येतो.

नटच्या खाचा उथळ असतील तर पहिल्या फ्रेटवर हात दुखतो आणि सूरही चढा येतो. तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा, पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली की झालं, भरपूर दिसली तर खाच कानशीने खोल करावी लागते. ते मी अजूनही दुसऱ्याकडून करून घेतो, कारण घासलेलं परत भरता येत नाही.

इंटोनेशन शेवटी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून जो घंटीसारखा सूर येतो तो आणि तिथेच तार दाबून येणारा सूर, दोन्ही ट्यूनरवर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार जिथे टेकते तो तुकडा) मागे, उतरा असेल तर पुढे. मोबाईलचं ट्यूनर ॲप ई तारेला कधीकधी गोंधळतं कारण तो सूर ४१ हर्ट्झच्या आसपास इतका खाली असतो, क्लिपवाला ट्यूनर घ्या, फार महाग नसतो.

आवाजाबद्दल लोक पिकअप (तारेची थरथर पकडणारं चुंबक) आणि ॲम्पवर भांडतात, मी आधी तारांवर पैसे घालेन. राउंडवाउंड म्हणजे खरखरीत वेटोळ्याच्या, चमकदार वाजतात, बोट सरकलं की चीं करतात. फ्लॅटवाउंड गुळगुळीत, आवाज गोल, जुन्या गाण्यांना एकदम बसतो, शिवाय बोटांना सोप्या, पण ताण बहुतेक वेळा जास्त असतो त्यामुळे बदलल्यावर ट्रस रॉड परत बघावा लागतो. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतला जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड लावून बसायचा आणि तुटल्याशिवाय तार बदलायचा नाही, उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, आणि त्याच्या बेसवर अमेरिकेत कितीतरी हिट गाणी उभी आहेत. जुन्या हिंदी गाण्यांसाठी, आरडी बर्मनकडे टोनी वाझ बेस वाजवायचे त्या काळातली वगैरे, मी ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा खुपसतो, कोरा हं, वापरलेला नाही. सूर टिकत नाही, ठुम्म होऊन थांबतो, आणि ढोलकीला जागा मिळते.

राउंडवाउंड मेल्या की उकळून घ्यायच्या, हा आमच्या लाइनीतला जुना उद्योग आहे, दहा मिनिटं पाण्यात, मग पुसून खडखडीत वाळवून परत लावायच्या, मळ निघतो आणि थोडे दिवस चमक येते. तार महाग असते हो, चार तारांचा सेट गिटारच्या सहा तारांपेक्षा कितीतरी जास्त पडतो.

घरी एकट्याने ऐकून आवाज ठरवू नका एवढं मात्र सांगेन. खोलीत जो बेस भरदार वाटतो तो स्टेजवर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताखाली गडप होतो (कीबोर्डवाल्यांनो, आम्ही असताना डावा हात जरा आवरा), आणि जो खोलीत थोडा नाकातला वाटतो तोच ऑर्केस्ट्रात स्वच्छ कापून येतो. प्रिसिजनचा पिकअप याबाबतीत गुणी आहे, दोनच नॉब, बिघडवायला फारसं काही नाही. ॲक्टिव्ह बेस असेल, म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी, तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर बॅटरी रात्रभर जळते आणि हळदीच्या मधोमध बेस घशाला कोरड पडल्यासारखा बोलायला लागतो. आणि साध्या गिटारच्या छोट्या ॲम्पला बेस मोठ्या आवाजात लावू नका, स्पीकर फाटतो.

अर्थिंगचं सांगितल्याशिवाय पत्र संपवणार नाही. बेसच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. मांडवात तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरने घुसवलेला असतो, ॲम्पच्या बॉडीवर करंट आलेला असतो, आणि आपण हात तारांवर ठेवून कोरससाठी तोंड माइकला लावतो. मला ओठाला झटका बसलाय, दात शिवशिवले. आता मी आधी टेस्टर लावतो, आणि तिसरी पिन खरी जोडलेली नसेल तर वाजवत नाही, मंडळाचे कार्यकर्ते चिडले तरी. या एका गोष्टीवर तुमच्या पेपरने वेगळी बातमी करावी असं मला वाटतं.

पावसाळ्याचंही आहेच. जून उजाडला की लाकूड हवा पितं आणि नेक हलतो, कोणाचा पुढे कोणाचा मागे, अंदाज बांधू नये माप घ्यावं. मी वर्षातून दोनदा बघतो, आषाढात एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा. मे महिन्यात बंद गाडीत बेस ठेवणाऱ्याला मी काही बोलत नाही, फक्त बघतो.

तर बहिणीला मी सांगितलं निळा बिळा राहू दे. गेल्या रविवारी भाचीला घेऊन दुकानात गेलो, दोन तास बसलो, सात बेस मांडीवर घेतले, मग पट्टा लावून उभं केलं. बहीण हळूच म्हणाली पण मुली बेस वाजवतात का, तर तिला तिथेच मोबाईलवर मुंबईच्या मोहिनी डेचा व्हिडिओ लावून दिला, ती एकदम गप्प. भाचीने शेवटी एक ३० इंची घेतला, रंग मातकट तपकिरी, बहिणीला अजिबात आवडला नाही. दुकानदाराला म्हटलं सेटअप करून दे, तो म्हणाला कंपनीतूनच होऊन येतो साहेब. मी खिशातून फिलर गेज काढला. नेकच्या बाकाची फट १.१ मिमी. त्याने तिथेच ॲलन की शोधायला माणूस पाठवला, आणि खरं सांगायचं तर मुलगा चांगला होता, बघत होता, शिकत होता, त्याला कोणी हे कधी दाखवलंच नव्हतं.

माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या वेळी पुरवणीत वाद्यांवर लिहाल तेव्हा ते चार तारांचं वाक्य दुरुस्त करा, आणि किंमतीच्या चौकटीत बेसच्या खाली सेटअपचा खर्च एका ओळीत धरा.

आपला,
एक बेसवाला फिटर, चिंचवड

ता. क. तारा उकळायला घरातलं दुधाचं पातेलं घेऊ नये. वेगळं घ्यावं. हे मापात बसत नाही पण बायकोने लिहायला सांगितलंय.